दारात हत्ती

पूर्वी ज्याच्या दारात हत्ती झुले त्याला लोक श्रीमंत म्हणत. हत्तीला रोज चारा किती लागतो, हे त्या श्रीमंताला कुणी विचारल्याची नोंद नाही. माझ्या दारात मॅस्टोडॉन आहे. हे नाव मुळात हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या, हत्तीच्या एका लांबच्या भाऊबंदाचं. 2016 साली जर्मनीतल्या ओइगेन रोख्को नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने ते आपल्या समाजमाध्यमाच्या सॉफ्टवेअरला दिलं आणि सॉफ्टवेअर फुकट वाटून टाकलं. फुकट मिळतोय म्हणून हत्ती घरी आणू नये, हे सांगणारं माणूस त्या वेळी आमच्या घरात नव्हतं. ते माहेरी गेलं होतं.

कल्पना उदात्त आहे आणि गाऱ्हाणं मांडण्याआधी ती सांगणं माझं कर्तव्य आहे. इतर समाजमाध्यमांना एक मालक असतो आणि त्याच्या मर्जीवर सगळं चालतं. 2019 च्या हिवाळ्यात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक रागारागाने मॅस्टोडॉनवर गेले आणि राग ओसरल्यावर परत आले. 27 ऑक्टोबर 2022 ला इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातले गेले. मॅस्टोडॉनला असा एक मालक नाही. कुणीही आपला सर्व्हर उभारावा, चार माणसांना खाती द्यावीत. हे सगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका सामाईक बोलीत आपसांत बोलतात, आणि त्या बोलीला डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये रीतसर मान्यताही दिली आहे. सारांश, आपलं बोलणं कुणा अब्जाधीशाच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. ते माझ्यावर अवलंबून राहतं.

मस्क यांनी 44 अब्ज दिले. मी महिन्याला दीड-दोन हजार रुपये देतो, परकीय चलनाचं शुल्क वेगळं. फरक एवढाच की लोक त्यांना जाहीर शिव्या देतात आणि मला फोन करतात.

सर्व्हर घरीच, माळ्यावरच्या जुन्या संगणकावर ठेवायचा बेत होता. पण आमचा इंटरनेटवाला घरटी वेगळा आयपी पत्ता देत नाही. अख्ख्या गल्लीत मिळून एक पत्ता, त्यामुळे बाहेरच्या जगाला आपलं दार सापडत नाही. स्वतंत्र पत्ता मागितला तर त्याच्या माणसाने विचारलं, "सीसीटीव्ही लावताय का?" मी हो म्हणालो, कारण दुसरं उत्तर त्याच्या फॉर्मवर नव्हतं. तेवढ्यात वीज गेली. म्हणून सर्व्हर युरोपात भाड्याने घेतला. आता मेव्हणा पुण्यात मिसळीचा फोटो काढतो, तो युरोपात जातो आणि तिथून परत येऊन शेजारच्या खोलीत त्याच्या बहिणीला दिसतो. ती म्हणते, "मला व्हॉट्सॲपवर आधीच आला होता."

सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मेव्हणा आहे. गड-किल्ले हिंडणारा पुतण्या आहे. कॉलेजातला एक मित्र आहे, तो कवी आहे. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई आहेत, निवृत्त होऊन नाशिकला असतात आणि मोडी कागदपत्रांचे फोटो टाकतात. उरलेल्यांनी उत्साहाने नाव नोंदवलं, "नमस्कार मॅस्टोडॉन!" असं लिहिलं आणि नंतर त्यांचा ठावठिकाणा नाही. ही सगळी मंडळी, सर्व्हर चालू असतो तेव्हा त्याला 'आपला सर्व्हर' म्हणतात. बंद पडला की फोन येतो, "दाजी, तुमचा सर्व्हर बंद पडलाय."

बंद का पडतो, हे मी एकदा मुळापर्यंत जाऊन पाहिलं. जागा संपली असेल तर सर्व्हर तसं सांगत नाही, नुसता बसून राहतो. मग काळ्या पडद्यावर आज्ञा देत कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते शोधावं लागतं. आमच्या लोकांनी स्वतः टाकलेली चित्रं, म्हणजे पुतण्याचे सगळे किल्ले, मेव्हण्याच्या सगळ्या मिसळी आणि बाईंची सगळी मोडी पत्रं मिळून, दोन-तीन जीबी भरली. 'कॅशे' नावाच्या फोल्डरात मात्र सव्वाशे जीबी. झालं होतं असं, की कवी परदेशातल्या शेकडो लोकांना फॉलो करतो, आणि त्यांनी टाकलेल्या चित्रांची एकेक प्रत मॅस्टोडॉन माझ्या डिस्कवर उतरवून ठेवतो, मग कवी ते चित्र बघो न बघो. मी एक उघडलं. मांजर. दुसरं उघडलं. तेच मांजर, खिडकीत. तिसरी कुणाच्या तरी सायकलची चेन, तेल घालण्यापूर्वीची. चौथी तीच चेन, तेल घातल्यानंतरची. डिस्क भरली की पोस्टग्रेस हा डेटाबेस लिहिणं थांबवतो. म्हणजे फिनलंडमधलं मांजर खिडकीत बसलं म्हणून नाशिकच्या बाईंना पेशवेकालीन पत्र टाकता येत नाही.

जुनी चित्रं ठरावीक दिवसांनी आपोआप पुसायची सोय आहे, आणि मी ती लावली. त्यावर कवीची तक्रार, की जुन्या पोस्टमधली चित्रं उघडायला वेळ लागतो. शिवाय त्या सफाईत प्रोफाइलची चित्रं जात नाहीत, त्यांना वेगळी आज्ञा द्यावी लागते. जगभरातल्या हजारो अनोळखी माणसांचे चेहरे आणि त्यांच्यामागचे सूर्यास्त मी पदरचे पैसे भरून सांभाळतो. सूर्यास्त फार आहेत.

अनोळखी माणसांशी माझा संबंध एवढ्यावर संपत नाही. दूरच्या एखाद्या सर्व्हरवर कुणी आपलं खातं कायमचं पुसलं, की तसा निरोप त्या सर्व्हरला माहीत असलेल्या झाडून सगळ्या सर्व्हरांना जातो. माझ्याकडेही येतो. तो माणूस माझ्या सर्व्हरला माहीत नसेल, तर सर्व्हर निरोप घेतो आणि काही न करता सोडून देतो. जिला मी ओळखत नव्हतो, जिने माझ्याकडच्या कुणाशी अवाक्षर काढलं नव्हतं, अशी व्यक्ती निघून गेल्याची वार्ता मला नेमाने कळते. नोंदवहीत अशा ओळींची पानंच्या पानं आहेत.

उलट जे कळायला हवं ते कळत नाही. सर्व्हरला फक्त त्याच्यापर्यंत पोचलेल्या गोष्टी ठाऊक असतात. दूरच्या कुणी एक प्रश्न विचारला, त्याला तिकडे चाळीस उत्तरं आली, तरी आमच्याकडे ती पोस्ट बरीच वर्षं निरुत्तर आणि एकाकी दिसायची. मेव्हण्याचं मन कळवळायचं आणि तो उत्तर द्यायचा. ते एक्केचाळिसावं असायचं आणि आधीच्या चाळिसांसारखंच असायचं. समोरून एकदा कुणीतरी इंग्रजीत विचारलं, की आपण आधीची उत्तरं वाचत नाही का? मेव्हण्याने तो संदेश मला पाठवला. सोबत लिहिलं, "दाजी, बघा काय ते."

आता दुरुस्त्यांविषयी. मॅस्टोडॉनची नवी आवृत्ती बहुधा जर्मनीतल्या दुपारी-संध्याकाळी येते, म्हणजे आपल्याकडे जेवणं चालू असताना किंवा झाल्यावर. साध्या आवृत्तीकडे दुर्लक्ष करता येतं. पण 1 फेब्रुवारी 2024 ला आली तशी आली तर करता येत नाही. त्या त्रुटीतून दूरच्या कुठल्याही खात्याचा ताबा दुसऱ्याला घेता आला असता, आणि सर्व्हरवाल्यांना दुरुस्तीला सवड मिळावी म्हणून तपशील दोन आठवडे झाकून ठेवले होते. त्याच्या आदल्या जुलैतही असंच एक प्रकरण होऊन गेलं होतं. अशा वेळी ताट बाजूला सारून बसावं लागतं. नवा कोड उतरवायचा, रूबीची पॅकेजं, मग जावास्क्रिप्टची पॅकेजं, डेटाबेसचे बदल, आणि शेवटी 'ॲसेट्स प्रीकंपाइल' नावाचं एक काम, जे स्वस्तातल्या सर्व्हरची सगळी मेमरी खाऊन टाकतं. आकडा सावकाश चढतो. आपण पडद्याकडे बघत बसतो. बराच वेळ काही घडत नाही. मग पडद्यावर एकच शब्द उमटतो, 'किल्ड'. कुणी मारलं, का मारलं, काही नाही. पुढची आज्ञा ऐकायला तयार असल्याची खूण तेवढी लुकलुकत असते.

दुरुस्ती करून सर्व्हर उठवला की मध्यंतरी जगभरातले सर्व्हर थांबून थांबून दार ठोठावत होते ते सगळे एकदम आत शिरतात. साइडकिक नावाच्या खात्यात कामांची रांग लागते. तिचा एक आलेख दिसतो, आणि तो खाली येईपर्यंत झोपू नये असं तज्ज्ञ सांगतात. सकाळी कुणाच्या काही लक्षातही आलेलं नसतं. हीच या व्यवसायातली सर्वोच्च पावती आहे.

शेजाऱ्यांचं वेगळंच. या व्यवस्थेत एका सर्व्हरला दुसरा सर्व्हर पसंत नसेल तर तो त्याच्याशी सगळा व्यवहार तोडू शकतो. ही सोय हवीच. ती नसती तर साऱ्या जगाचा कचरा आमच्या अंगणात आला असता. पण ज्याला तोडलं त्याला तसं कळवायची पद्धत नाही. पुतण्याच्या लक्षात आलं, की आल्प्समधला त्याचा गिर्यारोहक मित्र बरेच दिवस बोलत नाही. त्याला वाटलं भांडण झालं. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की आमच्या अख्ख्या सर्व्हरला त्या मित्राच्या सर्व्हरने वाळीत टाकलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये, नोंदणी उघडी ठेवून विसरून गेलेल्या छोट्या छोट्या सर्व्हरांवरून स्पॅमचा मोठा पूर आला होता, आणि तेव्हापासून लहान सर्व्हर हा बऱ्याच लोकांच्या लेखी संशयित असतो. आमची नोंदणी बंद होती, हे मी तिकडच्या चालकाला सविस्तर कळवलं. त्याचं उत्तर आलं ते तिकडच्या रात्री दोन वाजता लिहिलेलं होतं. त्यावरून तोही एकटाच आहे आणि त्याच्याही घरी मेव्हणे आहेत, एवढं समजलं. निर्णय बदलला नाही.

वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 साली केला, तो 2017 पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जातपंचायतींनी ज्यांची आयुष्यं नासवली त्यांच्यासाठी तो केलेला आहे, मिसळीच्या फोटोंसाठी नव्हे, हे मला मान्य आहे. मी फक्त वाचून पाहिला.

कायदे वाचायची सवय मला सर्व्हरनेच लावली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 'मध्यस्थ' म्हणजे कोण, तर दुसऱ्याच्या वतीने इलेक्ट्रॉनिक नोंदी घेणारी, साठवणारी किंवा पुढे पाठवणारी कुणीही व्यक्ती. मेव्हण्याची मिसळ मी घेतो, साठवतो आणि पुढे पाठवतो. 2021 साली केंद्राचे नवे नियम आले. त्यांत मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करावं, अधिकाऱ्याने तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी आणि तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढावी, असं म्हटलं होतं. पन्नास लाखांवर नोंदणीकृत सदस्य असलेल्यांना आणखी बरेच अधिकारी नेमावे लागतात. आम्ही अजून त्या टप्प्यावर नाही. मी अर्ज मागवले, मुलाखत घेतली आणि स्वतःची एकमताने नेमणूक केली.

पहिली तक्रार मेव्हण्याची होती, कवीविरुद्ध. एका पोस्टमध्ये पाचशे अक्षरं मावतात. कवीच्या मुक्तछंदाला ती पुरत नाहीत, म्हणून तो रात्री उशिरा एकच कविता तुकड्या-तुकड्यांनी टाकतो, आणि मेव्हणा सकाळी उठतो तेव्हा त्याला आधी शेवट दिसतो. पोच वेळेत दिली. कवीचं म्हणणं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "शेवटाकडून वाचली तरी चालते." तेव्हा मेव्हण्याला 'म्यूट' ची सोय दाखवून प्रकरण मिटवलं. म्यूट केलेलं समोरच्याला कळत नाही. त्यामुळे काही दिवसांनी कवीची तक्रार दाखल झाली, की हल्ली प्रतिसाद कमी येतो, सर्व्हरमध्ये बिघाड आहे काय? तक्रारदाराची ओळख उघड न करता या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे नियमांत दिलेलं नाही.

कवीशी माझं दुसरं प्रकरण प्रलंबित आहे. तो खासगीपणाचा कट्टर पुरस्कर्ता आहे. कोण कधी आलं-गेलं याची नोंद सर्व्हरने ठेवता कामा नये, असं तो म्हणतो. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश म्हणतात, की नोंदी 180 दिवस जपाव्यात, आणि सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं. दोन्ही पक्षांना मी त्यांचा मुद्दा पटल्याचं कळवलं आहे. सहा तासांचं मात्र मला सोपं वाटतं. हल्ला झाला हे मला मेव्हण्याचा फोन आल्याशिवाय कळणार नाही, आणि तो नऊच्या आत उठत नाही.

ईमेलबद्दल लिहायचं टाळतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमार्क अशी तीन-तीन प्रमाणपत्रं जोडूनही आमचं पत्र स्पॅममध्येच जातं. नवा सदस्य "मेल आलाच नाही" म्हणतो, मी "स्पॅममध्ये बघा" म्हणतो, आणि आमच्या संबंधांची सुरुवात अशी होते.

मग बंद का करत नाही, असं घरातून विचारलं जातं. बंद करणं सोपं असतं तर या लेखाची वेळ आली नसती. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत जागा हवी असलेल्या सर्व्हरांनी एक करार पाळायचा असतो, आणि त्यात बंद करण्याआधी सदस्यांना किमान तीन महिने आधी कळवावं असं कलम आहे. आम्ही त्या यादीत नाही, पण बाईंना नोटीस कोण देणार? सदस्यांना दुसरीकडे हलता येतं. त्यांचे फॉलोअर सोबत जातात, पोस्टी मात्र मागे राहतात. म्हणजे बाईंची मोडी पत्रं माझ्याकडे आणि त्यांचे वाचक भलतीकडे. आणि सर्व्हर आवरायला आत्मनाशाची एक खास आज्ञा आहे. ती दिली की जगभरच्या सर्व्हरांना "आमचं सगळं पुसून टाका" असे निरोप जातात, आणि ते सगळीकडे पोचेपर्यंत सर्व्हर चालूच ठेवावा लागतो. भाडं भरून. जे सर्व्हर त्या वेळी बंद असतील त्यांच्याकडच्या प्रती तशाच राहतात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण आपल्याकडे अगोदरपासून आहे.

आपल्या हातांनी बंद करण्याचीही नेहमी गरज पडते असं नाही. क्वीअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता. 'एएफ' हे शेपूट अफगाणिस्तानचं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तालिबान सरकारच्या खात्याने तो पत्ताच काढून घेतला. मॅस्टोडॉनचा पत्ता एकदा ठरला की बदलता येत नाही, त्यामुळे घर जागेवर आणि पाटी काबूलला, अशी त्यांची गत झाली. मॅस्टोडॉन डॉट लोल हा हजारो सदस्यांचा सर्व्हर 2023 मध्ये बंद झाला. एका व्हिडिओ गेमवरून सदस्यांत जुंपली आणि त्याचा सगळा ताप चालकाच्या डोक्याला झाला. खुद्द रोख्को नोव्हेंबर 2025 मध्ये मुख्य कार्यकारी पदावरून बाजूला झाले, आणि कामाचा ताण हे कारण त्यांनी लपवलं नाही. त्यांच्यामागे संस्था होती, तिच्या हाती कारभार सोपवता आला. मी मेव्हण्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "दाजी, पासवर्ड द्या, बाकी मी बघतो." विषय तिथेच थांबला.

सध्या कामकाजात एकच नवं प्रकरण आहे. बाईंना निळी टिक हवी आहे. मॅस्टोडॉनवर निळी टिक मिळत नाही, विकतही मिळत नाही. मिळते ती हिरवी, आणि ती कुणी देत नाही. आपल्या स्वतःच्या वेबसाइटवर आपल्या मॅस्टोडॉन खात्याचा दुवा एका विशिष्ट खुणेसह ठेवायचा, की सर्व्हर तो तपासून टिक लावतो. बाईंची वेबसाइट नाही, हे मी त्यांना फोनवर नम्रपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "अरे, मग कर की एक. जागा असेलच तुझ्या सर्व्हरवर. आणि वर शिवनेरीचा फोटो लाव, धुक्यातला नको." अर्ज मिळाल्याची पोच मी चोवीस तासांच्या आत दिली आहे.